विश्वासाची बाजारपेठ, लेखांक सहावा : मासा आला कुठून?

मागील लेखांकात मधाच्या भेसळीचा विचार करताना असे दिसले होते की, ज्या वस्तूची पारख ग्राहकाला स्वतःला करता येत नाही तिचा बाजार विक्रेत्याच्या शब्दावर चालतो, आणि तो शब्द तपासण्याची सोय जितकी कमी तितका प्रामाणिक विक्रेताच अधिक अडचणीत येतो. शोभेच्या माशांच्या व्यापारात ही अडचण मधाहूनही खोल आहे. मधाचा नमुना निदान प्रयोगशाळेत पाठवता येतो. पण काचेच्या टाकीत पोहणारा मासा नदीतून पकडला की हौदात वाढवला, हे दुकानातील ग्राहकाला खात्रीने सांगणारी कोणतीही चाचणी उपलब्ध नसते, आणि तरीही त्या माशाचे आरोग्य, त्याचे उरलेले आयुष्य आणि तो ज्या पाण्यातून आला त्या पाण्याचे भवितव्य हे सारे याच एका माहितीशी बांधलेले असते.

अर्थशास्त्रात वस्तूंचे गुण तीन प्रकारांत मांडण्याची पद्धत आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये ‘शोधगुण’ आणि ‘अनुभवगुण’ असा भेद केला : साडीच्या रंगासारखा जो गुण खरेदीपूर्वी नुसत्या पाहण्याने कळतो तो पहिला, आणि जो वस्तू वापरल्यावरच कळतो तो दुसरा. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये त्यांत तिसऱ्या प्रकाराची भर घातली. त्याला मराठीत ‘विश्वासगुण’ म्हणता येईल, म्हणजे असा गुण की जो वस्तू विकत घेऊन, वापरून आणि संपवूनही सामान्य ग्राहकाला पडताळता येत नाही. देवगडचा हापूस म्हणून परप्रांतातील आंबा पेटीत भरला जातो, ही तक्रार महाराष्ट्रात नेहमीची आहे आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतरही ती थांबलेली नाही. परंतु तेथे आंबा कापल्यावर जाणत्या माणसाला वासावरून आणि चवीवरून फसवणूक उमगते. माशाच्या उगमाबाबत असा क्षण कधी येतच नाही.

मासा मेला तरी तो क्षण येत नाही, आणि या व्यापारातील अविश्वासाचे मूळ बहुधा येथेच आहे. प्रवाळांच्या परिसरातील मासे पकडण्यासाठी फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून सोडियम सायनाइड वापरले जाऊ लागले आणि पुढे ही पद्धत इंडोनेशियातही पसरली. या विषाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून ते पाणी प्लास्टिकच्या बाटलीतून प्रवाळाच्या फटींत फवारतात, म्हणजे आत दडलेला मासा गुंगीत येऊन हाताने उचलता येतो. त्या फवाऱ्याखाली आलेले प्रवाळ मात्र मरते. या पद्धतीला कायद्याने बंदी असूनही ती पूर्णपणे नाहीशी झालेली नाही. अशा प्रकारे पकडलेला मासा दुकानात तेजस्वी दिसतो, कधी कधी अन्नही खातो आणि घरी नेल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी मरतो. तोवर तो इतक्या हातांतून गेलेला असतो की दुकानदार पाणी नीट नव्हते असे म्हणतो, ग्राहक दुकानदाराने आजारी मासा दिला असे म्हणतो, आणि बहुसंख्य नवखे ग्राहक तर मुकाट्याने स्वतःलाच दोष देऊन हा छंद सोडून देतात. उगमाची माहिती हरवली की दोष नेहमी साखळीतील शेवटच्या हातावर येऊन पडतो, मग तो हात कितीही निर्दोष असो.

ही माहिती हरवते कोठे, हे समजण्यासाठी माशाचा प्रवास पाहावा लागतो. नदीत किंवा समुद्रात मासे पकडणारा संग्राहक आपला माल जवळच्या साठवणदाराला देतो, साठवणदार अनेक संग्राहकांचे मासे एकाच हौदात सोडतो, आणि तेथून ते निर्यातदाराकडे जातात. प्रवासात पाणी दूषित होऊ नये म्हणून निर्यातदार माशांना उपाशी ठेवतो, प्लास्टिकच्या पिशवीत थोडे पाणी व उरलेल्या जागेत ऑक्सिजन भरून तोंड घट्ट बांधतो आणि अशा पिशव्या थर्मोकोलच्या पेटीत रचून विमानाने पाठवतो. पुढे सिंगापूरसारख्या व्यापारकेंद्रात अनेक देशांचा माल पुन्हा एकत्र येतो, निवडला जातो आणि नव्या पिशव्यांत भरला जातो. प्रत्येक हौदात मासे मिसळतात, पण त्यांच्यासोबतची माहिती मिसळत नाही; ती तेथेच गळून पडते. म्हणूनच मासा कुठला, या प्रश्नाला ‘चेन्नईचा माल’ किंवा ‘बँकॉकचा माल’ असे उत्तर देणारा दुकानदार खोटे बोलत असतो असे नाही. त्याला पेटी जेथून आली ते ठाऊक असते, मासा जेथून आला ते नसते.

शासकीय कागदपत्रेही या बाबतीत फारशी मदत करत नाहीत. आंतरराष्ट्रीय जकात वर्गीकरणात गोड्या पाण्यातील सर्व शोभेच्या माशांना मिळून ०३०१११ हा एकच संकेतांक आहे, आणि त्यात मासा कोणत्या जातीचा किंवा तो पकडलेला की पैदास केलेला, या प्रश्नांना जागा नाही. अमेरिकेत मे २००४ ते मे २००५ या एका वर्षात आयात झालेल्या समुद्री शोभेच्या माशांची पावत्यांवरून मोजणी झाली, तेव्हा १८०० हून अधिक जातींचे सुमारे १ कोटी १० लाख मासे आल्याचे दिसले. एवढी साधी गोष्ट कळण्यासाठीसुद्धा संशोधकांना व्यापाऱ्यांच्या पावत्या एकेक करून वाचाव्या लागल्या, कारण आयातीच्या नोंदींत ती नव्हती.

या अज्ञानाची किंमत सह्याद्रीने मोजली आहे. केरळ व दक्षिण कर्नाटकातील वेगवान, स्वच्छ नद्यांत राहणारा, अंगावर काळ्या पट्ट्याच्या वर लाल रेघ मिरवणारा ‘मिस केरळ’ हा मासा फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या नोंदवला आणि मद्रासचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम डेनिसन यांच्यावरून त्याचे नाव ठेवले. पुढे शतकाहून अधिक काळ बाहेरच्या जगाला त्याची विशेष दखल नव्हती. १९९७ मध्ये सिंगापूरच्या ‘अ‍ॅक्वारामा’ या व्यापारप्रदर्शनात नव्या माशांच्या विभागात त्याला तिसरे बक्षीस मिळाले, आणि त्यानंतर युरोप, अमेरिका व पूर्व आशियातून त्याला मागणी सुरू झाली. २०१३ मध्ये केरळ व पुणे येथील संशोधकांनी या माशाला आणि त्याच्या जवळच्या एका जातीला मिळून ‘सह्याद्रिया’ ही स्वतंत्र प्रजाती मानण्यात यावे असे दाखवले. प्रजाती म्हणजे परस्परांशी निकटचे नाते असलेल्या जातींचा गट. तोवर या दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदल्या गेल्या होत्या.

त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या ३० जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातील मासे निर्यात झाल्याचे दाखवून दिले. त्यांत मोठा वाटा मिस केरळ व तिच्या जवळच्या जातीचा, केरळमधील चिमुकल्या बुटक्या पफर माशाचा आणि पट्टेरी बोटियाचा होता. यांपैकी शेवटचे नाव मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. १९२० मध्ये नारायण राव यांनी नोंदवलेला हा वाघासारख्या बारीक पट्ट्यांचा, तळाशी वावरणारा मासा महाराष्ट्र व कर्नाटकातील कृष्णेच्या वरच्या खोऱ्याखेरीज जगात अन्यत्र निसर्गतः आढळत नाही. परदेशातील टाक्यांत गोगलगायी खाऊन फस्त करणारा मासा म्हणून तो हौसेने ठेवला जातो. परंतु त्याच्या मूळ नदीचे नाव त्याच्या पेटीवर नसते, आणि त्याला पाळणाऱ्या बहुतेकांना सह्याद्री हा शब्दही कधी ऐकायला मिळत नाही.

नियमन झाले नाही असे नाही, पण ते माहितीच्या अभावीच फसले. केरळ शासनाने २००८ मध्ये मिस केरळच्या पकडीवर मर्यादा घातल्या आणि काही महिने पकडबंदी लागू केली. मात्र पुढील संशोधनात हा मासा साधारणपणे ऑक्टोबर ते मार्च या काळात अंडी घालतो असे दिसले, तर बंदीचे महिने प्रामुख्याने पावसाळ्यातील होते. दरम्यान केरळमधील शास्त्रज्ञांनी त्याच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र विकसित केले आणि आग्नेय आशियातील मत्स्यफार्मांनी तर त्याची व्यापारी पैदासच सुरू केली. त्यामुळे आज जगातील कोणत्याही दुकानात दिसणारी मिस केरळ फार्ममधील असण्याची शक्यता बरीच आहे. पण दुकानदाराने तसे म्हटले तर ते खरे मानायचे कशावरून? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ मधील दुरुस्तीने हा मासा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातला, तेव्हा हीच अडचण उलट बाजूने उभी राहिली : नदीतला मासा आणि हौदात जन्मलेला मासा डोळ्यांना सारखेच दिसत असल्यामुळे, पैदास करणाऱ्या प्रामाणिक शेतकऱ्यालाही आपला मासा आपलाच असल्याचे सिद्ध करणे भाग पडले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. निसर्गातून पकडलेला मासा म्हणजे पाप आणि फार्मचा मासा म्हणजे पुण्य, अशी सोपी वाटणी वस्तुस्थितीला धरून नाही. ब्राझीलमधील रिओ नेग्रो नदीच्या काठी बार्सेलोस हे गाव पिढ्यान्‌पिढ्या कार्डिनल टेट्रा या निळ्या-लाल माशाच्या पकडीवर जगत आले आहे. पूर ओसरल्यावर डबक्यांत अडकून या माशांपैकी असंख्य एरवीही मरतात, त्यामुळे हाताच्या जाळ्याने केलेली पकड त्यांच्या संख्येला फारशी बाधत नाही, आणि या उत्पन्नामुळे तेथील लोकांना जंगल तोडण्याची किंवा खाणीत जाण्याची गरज कमी पडते. या विभागातील शोभेच्या माशांना ब्राझीलने भौगोलिक मानांकनही दिले आहे. त्याच माशाची आग्नेय आशियात स्वस्त पैदास सुरू झाल्याने बार्सेलोसच्या मच्छीमारांचेच नुकसान झाले. उलट फार्ममधून येणाऱ्या माशांत रंग टोचलेले काचमासे असतात, आणि कल्ल्यांची झाकणे आखूड पडलेले मासेही असतात. म्हणून उगमाचा प्रश्न हा चांगल्या-वाईटाचा शिक्का मारण्यासाठी विचारायचा नसून, कोणत्या नदीशी किंवा कोणत्या माणसांशी आपण व्यवहार करीत आहोत हे जाणण्यासाठी विचारायचा असतो.

उगम निश्चित सिद्ध करता येणारा मासा या व्यापारात मुळीच नाही असेही नाही. आशियाई अरोवाना हा मासा धोक्यातील जातींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारबंदीच्या यादीत आहे, आणि नोंदणीकृत फार्मवर किमान दुसऱ्या पिढीपर्यंत पैदास झालेलाच अरोवाना विकता येतो. अशा प्रत्येक माशाच्या पाठीच्या स्नायूत तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप टोचलेली असते, वाचकयंत्र जवळ धरले की तिचा क्रमांक दिसतो, आणि तोच क्रमांक सोबतच्या प्रमाणपत्रावर छापलेला असतो. ही व्यवस्था चालते, कारण तो मासा फार महाग आहे. मूठभर रुपयांच्या टेट्राला किंवा बोटियाला असा खर्च पेलत नाही. शिवाय इतक्या लहान शरीरात ती चिप मावणारही नाही.

स्वस्त माशाच्या बाबतीत मग नजरेवर आणि विचारपुशीवर भिस्त ठेवावी लागते, आणि ती अगदीच निरुपयोगी नसते. एकाच टाकीतील मासे लहान-मोठे असतील, शेपट्या फाटलेल्या आणि पोटे खपाटीला गेलेली असतील, तर ते बहुधा निसर्गातून अलीकडेच आलेले असतात. एकसारख्या मापाचे, माणूस जवळ येताच काचेकडे धावणारे मासे बहुधा फार्मचे असतात. विदूषक मासा, म्हणजे क्लाउनफिश, घेताना त्याचे पांढरे पट्टे अर्धवट तुटलेले दिसले, तर तो बंदिस्त पैदाशीतला असण्याचा संभव मोठा. सोनेरी किंवा पांढरट मिस केरळ तर जवळजवळ खात्रीने फार्मचीच असते. याहून भरवशाची कसोटी साधी आहे : दुकानदाराला आपल्यादेखत कोरडे खाद्य टाकायला सांगावे, कारण निसर्गातून नुकताच आलेला मासा ते सहसा चटकन तोंडात घेत नाही आणि घेतले तरी बाहेर टाकतो. ही सारी चिन्हे शक्यता सांगतात, पुरावा देत नाहीत. पण दुकानदार ती ग्राहकाला स्वतः होऊन दाखवतो की लपवतो, यावरून दुकानदाराबद्दल बरेच कळते.

ग्राहकाची बाजूही येथे तपासायला हवी. नेमके उत्तर ठाऊक नसल्याचे सांगणाऱ्या दुकानदाराला अनेक ग्राहक अडाणी समजतात आणि ठामपणे ‘सगळे फार्मचे’ असे सांगणाऱ्याकडून मासा घेतात. ज्या साखळीत माहिती चार-पाच हौदांत गळून पडलेली असते, तिच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाचे ‘माहीत नाही’ हे उत्तर बहुतेक वेळा सर्वांत खरे असते आणि ते देणाऱ्याला मान मिळायला हवा. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणाने दाखवले होते की, चांगला माल ओळखता येत नसेल तर ग्राहक सर्वच मालाला सरासरी किंमत देतो, आणि अशा किमतीत चांगला माल विकणाऱ्याला बाजारातून बाहेर पडावे लागते. सायनाइडऐवजी जाळ्याने मासे पकडणाऱ्या मच्छीमाराचे किंवा हौदात क्लाउनफिश वाढवणाऱ्या उत्पादकाचे नेमके हेच होते, कारण त्याच्या जादा कष्टाची खूण माशाच्या अंगावर उमटत नाही.

प्रमाणपत्रांचे प्रयत्न झाले आहेत. ‘मरीन अ‍ॅक्वेरियम कौन्सिल’ या संस्थेने २००० नंतरच्या वर्षांत समुद्री माशांसाठी संग्राहकापासून दुकानापर्यंतची प्रमाणन योजना आखली, पण साखळीतील प्रत्येकाने खर्च सोसावा आणि प्रत्येकाने माल वेगळा ठेवावा ही अट जड पडली आणि ती योजना दशकभरातच विरून गेली. त्या तुलनेत एका दुकानापुरता करता येण्याजोगा उपाय कमी खर्चाचा आहे. टाकीच्या काचेवर एक चिठ्ठी लावायची, तिच्यावर पेटी आल्याची तारीख, पाठवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याचे नाव, मासा पकडलेला की पैदाशीचा, आणि तो दुकानात काय खातो आहे, एवढे लिहायचे, आणि जी माहिती नाही त्या ठिकाणी ‘माहीत नाही’ असेच लिहायचे. अशी चिठ्ठी लावणाऱ्या दुकानदाराला घाऊक व्यापाऱ्याकडे तीच माहिती मागावी लागते. आणि एकाच व्यापाऱ्याकडून माल उचलणारी दहा-बारा दुकाने ती मागू लागली, तर वेगवेगळ्या पेट्या वेगवेगळ्या हौदांत ठेवण्याचा खर्च करणे त्या व्यापाऱ्याला परवडू लागते.