मॉरिशस ते रॉड्रिग्ज : अंतर आणि वेळ

जुन्या हुबळीतील आमच्या वर्गात भूगोलाच्या तासाला एका मुलाने विचारले, "सर, मॉरिशसहून रॉड्रिग्जला विमान किती वेळात जाते?" प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देताना फळा भरून गेला.

मॉरिशस आपल्याला परके नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातील व सातारा भागातील माणसे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेली. त्यांच्या वंशजांना तेथील शाळांत आजही मराठी शिकता येते. रॉड्रिग्ज हे त्याच राष्ट्राचे पूर्वेकडील चिमुकले बेट होय. मॉरिशसचा विमानतळ प्लेझान्स येथे, तर रॉड्रिग्जचा प्लेन कोराय येथे आहे. दोहोंमधील हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर, म्हणजे हुबळी-मुंबई हवाई अंतराच्या सव्वापट भरते.

या मार्गावरील पंख्याचे ए.टी.आर. विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. भागाकार केला की ७२ मिनिटे येतात. परंतु प्रवासाला धरतात दीड तास. विमान धावपट्टीपर्यंत चालत जाते, सावकाश वर चढते, सावकाश उतरते. वरची मिनिटे तेथे खर्ची पडतात. जेट विमान अधिक वेगाने जाईल, पण रॉड्रिग्जच्या आखूड धावपट्टीवर मोठे विमान उतरवायचे कसे?

आता वारा घ्या. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल, तर ७२ मिनिटांची ८० होतात. परतताना तोच वारा पाठीशी असेल, तर साडेपासष्ट. मुलांना वाटले, जाताना गेले ते येताना मिळाले! बेरीज करून पाहा : १४४ च्या जागी साडेएकशेपंचेचाळीस. विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते, म्हणून तोटा फिटत नाही.

घड्याळाचा मात्र घोळ नाही. दोन्ही बेटांची वेळ एकच, आपल्याहून दीड तास मागे. सूर्य तेवढा रॉड्रिग्जला वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो.

खरी अडचण निराळीच. हुबळीला पावसामुळे विमान उतरले नाही, तर बेळगाव जवळ आहे, गोवा आहे. उतारू मोटारीने घरी येतील. रॉड्रिग्जच्या भोवती केवळ समुद्र! तेव्हा परत फिरावे लागले तर तेही साधावे, असा इंधनाचा हिशेब निघण्यापूर्वीच करावा लागतो.

एअर मॉरिशसने १९७२ साली सहा आसनांच्या लहानशा विमानाने ही सेवा सुरू केली. बोटीला सुमारे दीड दिवस लागतो. मोठ्या उपचारांसाठी रॉड्रिग्जचे रोगी मॉरिशसला न्यावे लागतात, त्यांना हा फरक ठाऊक असतो.

हे सांगताच त्या मुलाने पुन्हा हात वर केला : "आणि चक्रीवादळ आले तर, सर?"

तर विमानतळ बंद राहतो, बोटीची सेवाही थांबते; आणि वादळ सरेपर्यंत बेटावरच्या इस्पितळात जे शक्य असेल तेवढे केले जाते.