अंगावर पित्त उठते तेव्हा : अन्नाची ॲलर्जी आणि तातडीचे उपचार

अंगावर पित्त उठणे हा अनुभव मराठी घरांना नवा नाही. खाण्यात काही वावगे आले की अंगाला खाज सुटते, लाल गांधी उठतात, मग आमसुलाचे पाणी चोळले जाते आणि तासा-दोन तासांत त्रास ओसरतो. बहुतेक वेळा प्रकरण एवढ्यावरच संपते. परंतु क्वचित याच गांधींपाठोपाठ ओठ सुजतात, आवाज घोगरा होतो, धाप लागते आणि रोगी पाहता पाहता निपचित पडतो. दोन्हींचा प्रारंभ सारखाच दिसतो. म्हणूनच दुसऱ्या प्रकाराची लक्षणे ठाऊक असणे अगत्याचे आहे. या अवस्थेवरील औषध जुने, स्वस्त आणि परिणामकारक आहे. मात्र ते काही मिनिटांत मिळावे लागते.

ॲलर्जी म्हणजे काय?

रोगजंतूंशी झुंज देणारी शरीराची प्रतिकार यंत्रणा कधी कधी निरुपद्रवी अन्नातील प्रथिनालाच शत्रू समजते व त्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार करते. पुढे तोच पदार्थ पुन्हा पोटात गेला की काही पेशींतून हिस्टामीन व तत्सम द्रव्ये एकदम बाहेर पडतात. त्यामुळे खाज व सूज येते, श्वासनलिका आकुंचन पावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब घसरतो.

या प्रतिक्रियेचा शोध अनपेक्षितपणे लागला. १९०२ साली पॉल पोर्तिए व शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका समुद्री प्राण्याचे विष अल्प प्रमाणात कुत्र्यांना टोचले. त्यायोगे कुत्र्यांना संरक्षण मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. पण काही आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या, तशाच अल्प मात्रेने धडधाकट कुत्रा अर्ध्या तासाच्या आत दगावला. संरक्षणाच्या नेमक्या उलट अशा या प्रकाराला त्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ असे नाव दिले. या कार्याबद्दल रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने रूढ केला.

कोणते पदार्थ?

दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचाची फळे, गहू, सोयाबीन, मासे आणि कोळंबी-खेकडे हे पदार्थ ॲलर्जीस प्रामुख्याने कारण होतात. यांखेरीज अन्य पदार्थही काहींना बाधतात. लहान मुलांची दुधाची व अंड्याची ॲलर्जी वाढत्या वयाबरोबर पुष्कळदा कमी होते. शेंगदाणे व कोळंबी यांची सहसा टिकून राहते.

आपल्या स्वयंपाकात शेंगदाणा डोळ्यांना न दिसता वावरतो. भाजीच्या रसात, कोशिंबिरीत, उपवासाच्या खिचडीत दाण्याचे कूट असते. कोकणात सुकट, जवळा व सोडे भाजीत पडतात. एकाच तेलात तळण, एकच पळी दोन पातेल्यांत, एवढ्यानेही ज्याला तीव्र ॲलर्जी आहे त्याला धोका संभवतो. बांधीव पदार्थांच्या वेष्टनावर अशा घटकांची नोंद करणे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ती वाचण्याची सवय लावून घ्यावी.

तथापि, खाल्ल्यावर होणारा प्रत्येक त्रास ॲलर्जी नव्हे. दूध प्याल्यावर पोट फुगणे हे बहुधा दुधातील साखर न पचल्याचे लक्षण असते. बांगडा, कुपा यांसारखा मासा बर्फाविना राहिला की त्याच्यातच हिस्टामीन तयार होते. तो खाल्ल्यावर एकाच पंगतीतील अनेकांचे चेहरे लाल होतात. ही विषबाधा होय, आणि मासा शिजविल्याने ती टळत नाही. म्हणून केवळ अंदाजाने मुलांचे सकस अन्न तोडू नये. निदान डॉक्टरांकडून करून घ्यावे.

धोक्याची लक्षणे

तीव्र प्रतिक्रिया सामान्यतः खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत सुरू होते. जीभ वा घसा सुजणे, आवाज बदलणे, गिळताना त्रास, सततचा खोकला, छातीत घरघर, धाप, चक्कर, अंग गार पडणे, शुद्ध हरपणे, लहान मूल एकाएकी मलूल होणे ही धोक्याची चिन्हे होत. गांधींबरोबर वारंवार उलट्या व पोटात तीव्र कळा येणे हेही तितकेच गंभीर मानावे. काही रोग्यांच्या अंगावर पित्त मुळीच उठत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

वेळ किती असतो? ब्रिटनमधील अशा मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात अन्नामुळे झालेल्या प्रतिक्रियेत श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ सुमारे ३० मिनिटे आढळला. मधमाशी वा गांधीलमाशीच्या दंशात तो सुमारे १५ मिनिटे होता.

तातडीचे उपचार

या अवस्थेत पहिले औषध ॲड्रेनलीन हेच होय. ते आकुंचित श्वासनलिका मोकळ्या करते, सूज उतरविते आणि रक्तदाब सावरते. मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूस, स्नायूत ते टोचतात. एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम या शक्तीचे औषध वजनाच्या दर किलोग्रॅमला ०.०१ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात. प्रौढांस एका वेळी ०.५ मिलिग्रॅमहून अधिक देत नाहीत. आराम न पडल्यास ५ ते १५ मिनिटांनी मात्रा पुन्हा देता येते. हे काम डॉक्टरांचे किंवा प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याचे आहे.

खाज शमविणाऱ्या गोळ्या श्वासाचा अडथळा दूर करीत नाहीत आणि स्टिरॉइडचा परिणाम काही तासांनी दिसतो. ‘आधी गोळी देऊन पाहू’ या विचारात मोलाची मिनिटे जातात.

मदत येईपर्यंत सोबतच्या माणसांनी पुढील गोष्टी कराव्यात. १०८ क्रमांकावर ताबडतोब दूरध्वनी करावा. रोग्याला उताणे निजवून पाय उंच ठेवावेत. धाप असल्यास पाय लांब ठेवून बसू द्यावे. उलटी होत असल्यास वा शुद्ध नसल्यास कुशीवर वळवावे. त्याला एकाएकी उभे करू नये, चालवीत नेऊ नये. उभे राहताच रक्तदाब कोसळून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. श्वास थांबल्यास छातीदाबन व कृत्रिम श्वसन सुरू करावे.

इंजेक्शनने बरे वाटले तरी रोग्यास रुग्णालयात न्यावे आणि निदान काही तास देखरेखीखाली ठेवावे, कारण लक्षणे काही तासांनी पुन्हा उसळू शकतात.

गावाची पूर्वतयारी

ॲड्रेनलीन हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवश्यक औषधांपैकी एक आहे. लसीकरणाच्या ठिकाणीही त्याची पेटी ठेवली जाते. कोविडची लस घेतल्यावर २०२१ साली अर्धा तास थांबविले जात असे, ते मुख्यतः अशा प्रतिक्रियेवर लक्ष ठेवण्यासाठीच. परंतु केंद्राच्या कपाटातील औषध शाळेच्या ओसरीपर्यंत आपोआप येत नाही.

म्हणून प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून मुलाच्या ॲलर्जीची माहिती घेऊन ती हजेरीपटात नोंदवावी व आहार शिजविणाऱ्या ताईंनाही सांगावी. अशा मुलाला वेगळे बसवून त्याची मानहानी होऊ देऊ नये. पदार्थ वेगळा वाढावा. जवळचे उपकेंद्र किती अंतरावर आहे, औषधाची मुदत संपली नाही ना, रात्री-अपरात्री कोण भेटेल, कोणते वाहन मिळेल, हे प्रश्न ग्रामसभेत आधीच विचारले जावेत. उत्तरे शाळेच्या व पंचायतीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावीत.

या तयारीस फारसा खर्च येत नाही. ती झालेली असेल तर ज्या दिवशी पंगतीतून एखादे मूल घसा धरून उठेल, त्या दिवशी हाती असलेला अर्धा तास विचारपूस करण्यात जाणार नाही.