शिक्षकांचा शिक्षक

कोणत्याही वर्गांत जाऊन पाहा. शिक्षकानें प्रश्न विचारला कीं त्याच चार-पांच मुलांचे हात वर होतात. त्यांपैकीं एकाचें उत्तर बरोबर आलें, कीं साऱ्या वर्गास समजलें असें मानून आपण पुढें जातों. मागच्या बांकावरील मुलास काय समजलें, हें परीक्षेच्या दिवशींच उघड होतें. आणि तेव्हां फार उशीर झालेला असतो. हा दोष मजकडूनही वर्षानुवर्षें घडला आहे. शिक्षणपद्धतीवरील व्याख्यानें मीं आवडीनें ऐकलीं, टिपणांच्या वह्या भरल्या. परंतु वर्गांत उभा राहिलों कीं जुनी संवय त्या व्याख्यानांहून बलवत्तर ठरे.

मग शिक्षकांस शिकविणाऱ्या वक्त्यांचा उपयोग तरी काय? या प्रश्नाचें उत्तर डिलन विल्यम यांच्या कार्यांत सांपडतें. हे गृहस्थ प्रथम लंडन शहरांतील शाळांमध्यें गणित शिकवीत असत. १९८४ सालीं ते चेल्सी कॉलेजांत आले; पुढें तें किंग्ज कॉलेजांत विलीन झालें. १९९८ सालीं पॉल ब्लॅक यांच्यासह त्यांनीं सुमारें २५० शोधनिबंधांचा आढावा घेतला, आणि ‘इनसाइड द ब्लॅक बॉक्स’ या छोट्या पुस्तिकेंत त्याचें सार शिक्षकांपुढें ठेविलें. त्यांचें म्हणणें असें कीं, मुलें शिकत असतांनाच त्यांस काय समजलें व काय नाहीं हें शोधावें, आणि त्याप्रमाणें आपलें शिकविणें तेथल्या तेथें बदलावें.

एवढें सांगून ते थांबले नाहींत. १९९९ सालीं इंग्लंडांतील मेडवे व ऑक्सफर्डशर या भागांतील ६ शाळांमधील गणित व विज्ञान शिकविणाऱ्या २४ शिक्षकांसह त्यांच्या मंडळीनें प्रयोग आरंभिला. तयार पाठ कोणाच्या हातीं दिले नाहींत. कोणती युक्ति आपल्या वर्गास साजेल तें ज्याचें त्यानें ठरविलें. प्रश्न विचारल्यावर थोडें थांबणें, हात वर न करवितां कोणासही उत्तर विचारणें, वहीवर नुसते गुण न देतां पुढें काय करावें तें लिहिणें, अशा त्या साध्या गोष्टी होत्या. शिक्षक मधूनमधून एकत्र जमत व आपले अनुभव एकमेकांस सांगत. ज्या वर्गांची तुलना करतां आली, त्यांचे निकाल एकंदरीत सुधारलेले दिसले.

२०१० नंतर विल्यम यांनीं सल्लागार व वक्ता म्हणून काम करणें पत्करलें. तथापि केवळ व्याख्यानावर त्यांची भिस्त नाहीं. शाळेंतील ८ ते १० शिक्षकांनीं महिन्यांतून एकदां एकत्र बसावें, मागच्या महिन्यांत काय करून पाहिलें तें प्रत्येकानें सांगावें, आणि पुढें काय करणार याचें सहकाऱ्यांस वचन द्यावें, असा त्यांचा आग्रह आहे. एका वेळीं एक-दोनच गोष्टी हातीं घ्याव्या. कारण नवी माहिती एका दिवसांत मिळते, पण संवय पालटण्यास महिने लागतात. माझ्या भरलेल्या वह्या कां निष्फळ झाल्या, हें मला येथें उमगलें. वक्ता निघून गेल्यावर “काय केलेंत?” असें विचारणारा सोबती मला नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुमच्या गुरुजींनीं हात वर न करणाऱ्यासच प्रश्न विचारला, तर ती शिक्षा समजूं नका. तेही एक नवा धडा गिरवीत असतील. “मला समजलें नाहीं” हें तुमचें खरें उत्तर त्यांच्या फार उपयोगी पडेल.