नाकाजवळची फट

सौंसरच्या बाजारात नुकतंच एक पत्रक हाती पडलं: कपाळाला पट्टा बांधा, मेंदूच्या लहरी मोजा, मुलाची बुद्धी वाढवा. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. हा खेळ आम्हा मोहगावकरांनी एकदा पैसे मोजून पाहिला आहे.

मेंदूच्या लहरी तशा जुन्याच. १९२४ मध्ये जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून त्या प्रथम टिपल्या. १९७३ मध्ये जॅक व्हिडाल यांनी मेंदू थेट संगणकाला जोडण्याची कल्पना मांडली. पुढे सगळं प्रयोगशाळेत चाललं. आम्हाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

आमच्याकडे मेंदूचं पीक आलं ते २०१० नंतर, ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या, म्हणजे झोपलेला मध्यमेंदू जागा करण्याच्या नावाने. दोन दिवसांचं शिबिर, कानाला हेडफोन, थोडं संगीत, की पोट्टं डोळे बांधून वाचायला तयार! पावकी-निमकी घोकून घेणारे गुरुजी तोवर मागासलेले ठरले होते. संत्र्याच्या अंबिया बहाराचे पैसे हाती होते. हजारोंनी फी भरली गेली. नात्यातल्या एका मुलीला पट्टी बांधून पुस्तक दिलं. तिने मान किंचित मागे टाकली, पुस्तक नाकाखाली धरलं आणि घडाघडा वाचलं. नाक आणि गालामधल्या फटीत कापूस कोंबला, तशी तिची वाचाच बसली. वर्गचालक म्हणाले, “तुमच्या संशयाने लहरी बिघडल्या.” मंगळूरचे बुद्धिवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक जाहीरपणे हीच फट दाखवत होते, ऐकतो कोण? मध्यमेंदू खरोखर झोपलेला असता, तर पोरांची बुबुळंही हलली नसती. पैसे गेले त्याचं एवढं नाही. आईबापांच्या कौतुकापायी पोरं चोरून बघायला शिकली, ते अजून सलतं.

खरी विद्या कुठे आहे तेही पाहावं. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या कंपनीने नोलँड आर्बो या तरुणाच्या मेंदूत १,०२४ इलेक्ट्रोडचं यंत्र बसवलं. खांद्यांखाली लुळा पडलेला हा माणूस नुसत्या विचाराने संगणकावर बुद्धिबळ खेळू लागला. त्यासाठी कवटी उघडावी लागली, आणि काही आठवड्यांत इलेक्ट्रोडचे बरेचसे धागे जागेवरून सरकलेही. एवढ्या खटाटोपातून मिळालं ते विचाराने संगणक चालवण्याचं बळ. त्याची बुद्धी वाढल्याचा दावा कुणी केलेला नाही.

तेव्हा पालकहो, पट्टा कपाळाचा असो की डोळ्यांचा, आधी फट बुजवा आणि मग पोराला वाचायला सांगा. फीचं त्यानंतर बघू.