हुशार मूल शोधायचे कोणी? खान्देशातील तरुणांसाठी



बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांनीच शब्द टाकला. 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. बुद्धिमत्ता बाबासाहेबांची स्वतःची होती, पण ती वेळेवर ओळखणारा माणूस त्यांना भेटला. ज्यांना असा कोणी भेटला नाही, त्या मुलांची नोंद इतिहासात नाही.

हुशार मुले शोधण्यासाठी पुढे चाचण्या आल्या. 1905 मध्ये फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. अमेरिकेत टर्मन यांनी 1921 पासून याच पद्धतीने ‘प्रतिभावान’ मुले निवडली. त्यातली बहुतेक गोऱ्या, सुस्थितीतल्या घरांतली निघाली. चाचणी देऊनही न निवडलेल्या शॉकली आणि अल्वारेझ या दोघांना मात्र पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणजे चाचणीत जो मागे पडला तो बुद्धीने कमी, असे समजण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात 1962 साली आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि 1969 पासून तिची प्रशाला चालू झाली. ती शहरातली सोय होती. खेड्यातल्या हुशार मुलांसाठी सरकारने 1960 च्या दशकात निवासी शासकीय विद्यानिकेतने काढली. त्यामागे होते रावेर तालुक्यातील खिरोद्याचे मधुकरराव चौधरी, तेव्हाचे शिक्षणमंत्री. धुळ्यातही असे विद्यानिकेतन आहे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून अशाच कल्पनेची नवोदय विद्यालये देशभर निघाली. त्यातले देशातील अगदी पहिल्या दोघांपैकी एक आपल्या अमरावतीत सुरू झाले. जळगाव जिल्ह्याचे नवोदय भुसावळजवळ साकेगावला आहे.

इथे आपल्या समाजाने एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर ज्यांनी आपला धर्म बौद्ध लिहिला, त्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या गेल्या. 1990 साली कायदा दुरुस्त झाल्यावर त्या मिळू लागल्या. म्हणजे नवोदयची पहिली काही वर्षे बौद्ध मुलाला तिथल्या राखीव जागेवर हक्क सांगता येत नव्हता. आज तो हक्क आहे. तो वापरला जातो का, हा प्रश्न आहे.

नवोदयची सहावीची परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते, आणि ती एकदाच देता येते. ती मराठीतून देता येते. 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात आणि एक तृतीयांश जागा मुलींसाठी. राहणे, जेवण, पुस्तके यांचा खर्च सरकार करते. आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या मुलांना ती देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात.

वस्त्यांमध्ये काम करताना दिसते ते असे: मूल गणितात पुढे असते, पण घरात फॉर्मची तारीख कोणाला माहीत नसते. तारीख कळते तेव्हा जातीचा दाखला नसतो. आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले असतात. अशी मुले परीक्षेच्या खोलीपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि मग ‘आपल्यातली मुले निवडली जात नाहीत’ असे आपणच म्हणतो.

यावर उपाय आपल्या हातात आहे. प्रत्येक विहारात पाचवी आणि आठवीतल्या मुलामुलींची यादी करा. जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले आधीच काढून ठेवा. गावातल्या एखाद्या पदवीधराने रविवारी दोन तास जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात. 31 जुलै 1937 रोजी बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी 31 जुलैला तिथे हजारो लोक जमतात. नवोदयचे फॉर्म बहुधा त्याच सुमारास निघतात. यंदा तिथे पुस्तकांच्या आणि फोटोंच्या स्टॉलशेजारी फॉर्म भरून देणारे एक टेबल लावू या. केळुसकर गुरुजींचे काम आता आपल्याला करायचे आहे.