स्थूलता : वजनाआधी कमरेचा घेर मोजा

हिंगोली : ग्रामीण आरोग्याचा विषय निघाला, की प्रथम आठवतात ते कुपोषण आणि रक्तक्षय. हळद, सोयाबीन आणि कापसाच्या शेतीवर जगणाऱ्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात स्थूलता हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा विकार समजला जाणे त्यामुळे स्वाभाविक आहे. आकडे मात्र वेगळे सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील २४ टक्के महिला व सुमारे २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक होते. ग्रामीण महिलांमध्येही हे प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकंदर स्थूलता २८.६ टक्के, तर पोटाची स्थूलता ३९.५ टक्के प्रौढांमध्ये आढळली. म्हणजे वजनकाट्यावर न दिसणारी चरबी पोटाभोवती साठलेले लोक पुष्कळ आहेत.

बारीक शरीर, वाढलेले पोट

या कोड्याचा उलगडा पुण्यात झाला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गर्भवती मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो भरले. आपली बाळे वजनाने कमी होती, पण ती कमतरता मुख्यतः स्नायूंची होती. चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी स्वतःची तुलना ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्याशी केली. दोघांचा बीएमआय २२.३ होता, चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१ टक्के निघाली. मातेचे कुपोषण आणि पुढील पिढीची स्थूलता या परस्परविरोधी गोष्टी नसून एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत, हे त्यातून स्पष्ट होते.

कारणे

खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा पोटात गेली, की उरलेली चरबीच्या रूपाने साठते. दुचाकी, ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रामुळे चालणे व अंगमेहनत कमी झाली, जेवणाचे प्रमाण मात्र तेच राहिले. ज्वारीची जागा गहू-तांदळाने घेतली. तळलेले पदार्थ, बिस्किटे व शीतपेये गावच्या टपरीवर पोहोचली. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर घेतली, तर ३० ग्रॅमहून अधिक साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती २५ ग्रॅमच्या आत असणे हितकर. याशिवाय आनुवंशिकता, अपुरी झोप, थायरॉइडचे विकार आणि स्टेरॉइडसारखी औषधेही कारणीभूत ठरतात. त्यामुळे स्थूल व्यक्तीस आळशी अथवा खादाड ठरवणे अन्यायाचे आहे.

दुष्परिणाम

पोटातील चरबी यकृत व स्वादुपिंडाभोवती साठून इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते. त्यातून मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार व यकृतविकार उद्भवतात. महिलांमध्ये मासिक पाळीच्या तक्रारी व वंध्यत्व संभवते. जोरात घोरणे, झोपेत श्वास अडखळणे, गर्भाशय, स्तन व मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचाही स्थूलतेशी संबंध आहे. गुडघ्यांवर तर प्रत्येक पावलागणिक भार पडतो. एक किलो वजन उतरले, की हा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

मोजमाप कसे करावे?

किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. भारतीयांसाठी २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता धरतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ६४ किलो झाले, की ही मर्यादा गाठली जाते. परंतु कमरेचा घेर अधिक बोलका आहे. श्वास सोडून, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप धरावी. पुरुषांमध्ये ९० आणि महिलांमध्ये ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर धोक्याचा समजावा.

उपचार

वजन ५ ते १० टक्क्यांनी घटले, तरी रक्तदाब व रक्तातील साखरेत सुधारणा दिसते. ७० किलोच्या व्यक्तीने साडेतीन किलो कमी करणे हे पहिले उद्दिष्ट पुरेसे आहे. ताटात भाजी व डाळ वाढवावी, भात-पोळी, तेल व साखर आटोक्यात ठेवावी, आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपझप चालावे. एवढ्याने भागत नसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधे देता येतात. सेमॅग्लुटाइडच्या साप्ताहिक इंजेक्शनने एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटले. मात्र औषध थांबवताच बरेचसे वजन परत येते. टिर्झेपेटाइड हे याच धर्तीचे औषध मार्च २०२५ मध्ये भारतात आले. अतिस्थूल रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा पर्याय आहे. २००९ च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी बीएमआय ३७.५, आणि मधुमेहासारखा आजार असल्यास ३२.५ ही मर्यादा होती. पुढे ती आणखी खाली आणण्यात आली. जाहिरातींतील चूर्ण व काढ्यांपासून मात्र दूर राहावे.

तपासणीसाठी मोठ्या शहरात जाण्याची गरज नाही. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आशा कार्यकर्ती जो तपासणी तक्ता भरतात, त्यात कमरेच्या घेराची नोंद असते. रक्तदाब व साखरेची तपासणी आरोग्य उपकेंद्रात होते. आपण बारीक दिसतो म्हणून ती टाळणे योग्य नव्हे. मधुमेह वर्षानुवर्षे कोणतीही तक्रार न करता शरीरात वाढत राहू शकतो.