दोस्ताचा जुना पत्ता

बायको गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी तेराव्यापर्यंत गर्दी असते. मग लेकी सासरी जातात, मुलगा पुण्याला नाहीतर हैदराबादला कामावर परततो आणि ओसरीत एकटा माणूस उरतो. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या आपल्या पट्ट्यात या पिढीतल्या पुरुषांची नाती बहुतेक बायकांनीच सांभाळली. कुणाकडे बारसं आहे, कुणाचा आहेर फेडायचा राहिला, कुणाचं दुखणं विचारायला जायचं, हे तिच्या ध्यानात असायचं. तो सोबत जायचा. ती गेली की ही येजा थांबते.

ते जिवावर बेतू शकतं. १९६९ साली कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास छापला. ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांची त्यांनी नोंद ठेवली होती. पत्नीच्या मृत्यूनंतर पहिल्या सहा महिन्यांत त्यांतले २१३ जण दगावले. त्या वयात एरवी जितके मृत्यू होतात, त्यापेक्षा हे ४० टक्के जास्त होते आणि त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा होता. आपल्याकडे यशवंतराव चव्हाणांचं उदाहरण अनेकांना आठवेल. परदेश दौऱ्यांतून ते पत्नी वेणूताईंना सविस्तर पत्रं लिहीत. पुढे ती ‘विदेश दर्शन’ या पुस्तकात आली. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. २५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतरावही गेले.

अशा वेळी मुलं जीव लावतात, नातवंडं गोड असतात, तरी एक जागा त्यांना भरता येत नाही. मुलांना फक्त आई आठवते. ती नवरी होऊन आली तेव्हा कशी होती, लग्नात पंगतीला काय गोंधळ झाला, बदलीच्या गावी एका खोलीत संसार कसा मांडला, हे ठाऊक असतं ते त्या काळातल्या दोस्ताला. म्हणून तीस वर्षं न भेटलेला मित्र या वयात नातेवाइकांपेक्षा जवळचा ठरू शकतो.

अशी एक नावाजलेली जोडी अमेरिकेतली. जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी एकत्र झटले. १८०० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत समोरासमोर उभे राहिले आणि बोलणं तुटलं. डॉ. बेंजामिन रश या दोघांच्या मित्राने पुन्हा पुन्हा गळ घातली, तेव्हा १ जानेवारी १८१२ ला अ‍ॅडम्सने एक छोटंसं पत्र टाकलं. तिथून चौदा वर्षांत १५८ पत्रं झाली. त्यांतली १०९ अ‍ॅडम्सची, ४९ जेफरसनची. उत्तर आलं नाही म्हणून अ‍ॅडम्स रुसून बसला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

जेफरसनची पत्नी मार्था १७८२ मध्येच वारली होती. १८१८ च्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅडम्सची अ‍ॅबिगेल गेली. जेफरसन तिला पॅरिसच्या दिवसांपासून ओळखत होता. दोन-अडीच आठवड्यांतच त्याने सांत्वनाचं पत्र लिहिलं. या दुःखातून मी गेलो आहे, काळ आणि मौन हेच त्यावरचं औषध, असा त्याचा आशय होता. शहाणपणाचे धडे त्यात नव्हते. पुढे अ‍ॅडम्सची नजर आणि हात दोन्ही थकले, तेव्हा तो घरच्यांना मजकूर सांगून पत्रं लिहवून घेऊ लागला. ४ जुलै १८२६ ला, एकाच दिवशी, दोघांनी जगाचा निरोप घेतला.

आपल्या भागातले जुने दोस्त दूरवर पांगलेले असतात. निजामाच्या राजवटीत इथली मुलं शिकायला हैदराबादला जात. मूळचे कुरुंद्याचे विचारवंत नरहर कुरुंदकरही तिथेच शिकले. नंतरच्या पिढीत शिक्षक, तलाठी, एसटीतले लोक बदलीच्या गावांना दोस्त सोडून आले. त्यांच्या वहीत अजून ‘ता. कळमनुरी, जि. परभणी’ असे पत्ते आहेत, कारण हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. तो पत्ता टाकून देऊ नका. पिन कोड घातला तर पत्राला वाट सापडते: हिंगोली ४३१५१३, वसमत ४३१५१२, कळमनुरी ४३१७०२. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतपंडित मराठी अधिकाऱ्याची देणगी आहे. खेड्यात पोस्टमन माणसं नावानिशी ओळखतो. दोस्ताने घर बदललं असलं तरी त्याच्या भावकीतला कुणीतरी पत्र पोचवतो.

फोन का नको, असं कुणी विचारतील. फोन जरूर करावा. पण कान मंद झालेल्या दोघांचं बोलणं ‘बरं आहे ना?’ ‘बरं आहे’ इथेच संपतं. पत्र मात्र सावकाश लिहिता येतं, चष्मा लावून चारदा वाचता येतं, उशाखाली ठेवता येतं.

अडतं ते पहिल्या ओळीशी. चौदाशे वर्षांच्या चांगदेवालाही ते अडलं, असं परंपरा सांगते. ज्ञानदेव वयाने लहान, ज्ञानाने मोठे; आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे न कळून त्याने कोराच कागद पाठवला. त्या कोऱ्या कागदाचं उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. तेव्हा इतक्या वर्षांत पत्र का लिहिलं नाही, याची सफाई देत बसू नये. ‘सप्रेम नमस्कार, वि. वि.’ लिहून थेट सांगावं की ती गेली, केव्हा गेली, शेवटी काय झालं. मग त्याच्या घरचं विचारावं, एखादी जुनी आठवण काढावी आणि तुला काय आठवतं ते लिही, असं म्हणावं. मित्राकडूनही दुःखाची बातमी येऊ शकते, ही मनाची तयारी ठेवावी.

पोस्टकार्ड आजही ५० पैशांना मिळतं, आंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना. मन मोकळं करायला आंतर्देशीयच बरं. कार्ड वाटेत कुणीही वाचतं. मोतीबिंदूमुळे दिसत नसेल, हात कापत असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत गावी आलेल्या नातवाला समोर बसवा आणि मजकूर सांगा. आणि नातवंडांनो, आजोबांनी वही काढली की पेन हातात घ्या, पिन कोड शोधून घाला आणि पत्र त्याच दिवशी पेटीत टाका.